उत्तरेचं ऊन

दोन हजार बावीस सालच्या जूनमध्ये कुसुमताई नव्वद दिवसांच्या व्हिसावर हॅनोव्हरला आल्या, आणि त्या नव्वद दिवसांत सुनेशी त्यांचं जे बिनसलं, ते बिनसलंच.

त्यांना बोलावलं होतं मुलानं. यशोधन तिथे गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत होता आणि त्याची बायको ईप्सिता विद्यापीठात डॉक्टरेट करत होती. तिचा प्रबंध एकतीस ऑगस्टला द्यायचा होता. विद्यापीठाशी तिचा करार त्याच दिवशी संपत होता, त्यामुळे तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. "आई, तू आलीस तर तिला जरा लिहायला सवड होईल," यशोधन फोनवर म्हणाला. म्हणजे स्वयंपाकाला ये, हे कुसुमताईंना कळलं. त्र्याहत्तराव्या वर्षी समुद्र ओलांडून पोळ्या लाटायला जायचं, ह्याचं त्यांना हसूही आलं. पण दिनकररावांना जाऊन सहा वर्षं झाली होती, पुण्याचा फ्लॅट दुपारी फार शांत असायचा. त्या गेल्या.

घरात पाऊल टाकल्यावर ईप्सिताने पाया पडायचं ते पडून घेतलं आणि म्हणाली, "आई, फ्रिजमधला वरचा कप्पा माझा आहे. आणि हे टेबल. बाकी घर तुमचंच समजा."

टेबल जेवणाचं होतं. पण त्यावर संगणकाचे दोन पडदे, तारा आणि जुन्या फोटोंची चळत होती, आणि जेवायचं म्हणजे तिघांनी स्वयंपाकघरातल्या फळीपाशी उंच स्टुलांवर बसायचं. कुसुमताईंचे पाय खाली टेकत नसत.

फोटो विमानातून काढलेले होते, एकोणीसशे छप्पन्नच्या उन्हाळ्यातले, हातभर रुंद, कडांना पिवळे पडलेले. ग्रीनलंडच्या ईशान्य टोकाचं एक द्वीपकल्प होतं ते. कोणा मोजणीदाराने त्याला जर्मनमध्ये 'भुकेचा आकडा' असं नाव ठेवलं होतं आणि आकार खरोखरच मासे पकडायच्या गळासारखा होता. त्रेचाळीस किलोमीटर लांब. माणूस नाही, झाड नाही, पायवाट नाही. पश्चिमेला खोल खाडी, मागे हिमनदी, आणि समुद्राकडे उतरत जाणाऱ्या वाळूगोट्यांच्या पायऱ्या. जमीन हळूहळू वर आली तसतसा समुद्र मागे हटला आणि प्रत्येक जुना किनारा एकेक पायरी होऊन राहिला. गळाची दांडी जिथे मुख्य भूमीला मिळते तिथे दोन किलोमीटर रुंदीची मान होती. ईप्सिताचं सगळं काम त्या मानेवर होतं.

हे कुसुमताईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बघून ओळखलं होतं. सदतीस वर्षं त्यांनी पुण्याच्या नकाशा कचेरीत हेच केलं होतं. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे, वर दोन भिंगांचं यंत्र ठेवायचं, त्यात डोळे घालायचे, आणि थोड्या वेळाने सपाट कागदातून डोंगर वर उठून उभे राहायचे. सत्तर साली एकविसाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा असा कोकणचा कडा वर आलेला पाहिला, तेव्हा त्या खुर्ची धरून बसल्या होत्या. पडेन असं वाटलं होतं. त्या यंत्रातून त्यांनी निम्मं कोकण पायी न जाता हिंडून काढलं.

म्हणून दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक फोटो हातात घेतला. नुकतीच मिरचीची फोडणी घातली होती. हात धुतले होते, पण हळद धुऊन जाते थोडीच. फोटोच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला.

ईप्सिताने तो संध्याकाळी पाहिला. आवाज न चढवता बोलायची तिला सवय होती.

"आई, हा विद्यापीठाच्या संग्रहातला फोटो आहे. मला सही करून मिळालाय. आता मी काय सांगू तिथे, सासूबाईंची फोडणी?"

"पुसते मी मऊ फडक्याने."

"नको. प्लीज, काहीच करू नका. ह्या टेबलाला हात लावायचा नाही, एवढंच करा."

"नाही लावणार," कुसुमताई म्हणाल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच आठवड्यात त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या आणि आत ईप्सिता मैत्रिणीशी, तनयाशी, फोनवर बोलत होती. "अगं, त्यांना वाटतं त्यांना ह्यातलं कळतं. पूर्वी कुठल्या तरी ऑफिसात नकाशे गिरवायच्या ना. ट्रेसिंग पेपरवर. गेनाऊ, बरोब्बर, तेच."

गिरवायच्या. कुसुमताईंनी हातातला चिमटा दांडीला लावला. दुसरा लावला. मग आत येऊन भात टाकला. त्या दिवसापासून टेबलाजवळून जाताना त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून जाऊ लागल्या. ईप्सिताला ते दिसावं अशा बेताने.

यशोधनला दिसत होतं, पण तो कंपनीत ब्रेकचं काम करता करता घरीही ब्रेकसारखाच झाला होता, दाबल्याशिवाय हालायचा नाही. "आई, तिला टेन्शन आहे गं," एवढंच म्हणायचा, आणि ईप्सिताला, "आईचं वय झालंय गं."

जेवताना ईप्सिता एकदा आपण होऊन बोलली, नवऱ्याशीच, पण कुसुमताई समोर होत्या. मानेवरून पूर्वपश्चिम एक लांब उंचवटा गेलेला आहे, छप्पन्नच्या फोटोत तो स्पष्ट दिसतो. आणि आजच्या उपग्रहाच्या चित्रात तिथे चर आहे, चाळीस मीटर खोल. म्हणजे उंचवट्याच्या पोटात बर्फ होता, साठ-पासष्ट वर्षांत तो वितळला आणि जमीन खाली बसली. इतका मोठा बदल त्या किनाऱ्यावर कोणी दाखवलेला नाही. तिच्या प्रबंधाची एकशे तीस पानं होती, त्यातली चाळीस ह्याच्यावर.

"एकाच फोटोवरून?" कुसुमताईंनी विचारलं.

"दुसऱ्यात नेमका मानेवर ढग आलाय. प्रोग्रॅमला एक पुरतो, आई. तो छायेवरून उंची काढतो." आणि नवऱ्याकडे वळून, "भात फार मऊ झालाय का रे आज?"

त्या वर्षी दोन ऑगस्टला नागपंचमी होती. कुसुमताईंनी परदेशातही पंचमी पाळली. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सकाळी पुरणाची दिंडं उकडून झाली आणि दुपारी हाताला काही कामच उरलं नाही. दोघं कामावर गेली होती. त्या हात पाठीमागे बांधून टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मानेचा फोटो सगळ्यात वर होता. त्यांना आधी उंचवटाच दिसला. दक्षिणेची बाजू उजळ, उत्तरेची काळी, मध्ये गाढवाच्या पाठीसारखा उभा. मग बेहेरेसाहेबांची आठवण झाली. बेहेरेसाहेब त्यांचे पहिले वरिष्ठ, तपकीर ओढणारे, कोणाला नावाने हाक न मारणारे. त्यांचा एकच नियम होता. आधी ऊन बघा, मग जमीन. फोटो हातात आला की उन्हाची दिशा शोधायची आणि कोपऱ्यात पेन्सिलीने, ऊन जातं त्या दिशेला, एका बाजूच्या पात्याचा छोटा बाण काढायचा. बाण नसलेला कागद साहेब न बघता परत टाकायचे. कारण उन्हाची दिशा चुकली की डोळा फसतो, दरी डोंगर होते आणि डोंगर दरी.

ऊन शोधायचं तर जी वर उभी आहे हे नक्की ठाऊक आहे अशी वस्तू हवी. कोकणात माडाची झाडं असत, देवळांचे कळस असत. इथे काय? कुसुमताईंनी चष्मा पुसला, वाकल्या, हात पाठीमागेच ठेवून. जमिनीवर काही नव्हतं. मग त्यांनी समुद्र पाहिला. खाडीच्या तोंडाशी तिळाएवढा पांढरा ठिपका होता आणि त्याला काळी शेपटी. हिमनग. हिमनगाला तरी कोणी खड्डा म्हणणार नाही. त्याची सावली पडली होती दक्षिणेकडे, त्याच्या पाचपट लांब.

म्हणजे ऊन उत्तरेचं होतं.

उत्तरेचं ऊन! कोकणचे सगळे फोटो हिवाळ्यातले, आकाश कोरडं असतं तेव्हाचे. सदतीस वर्षांत त्यांनी एकदाही बाण खाली तोंड करून काढला नव्हता. फोटोच्या कडेला विमानातल्या घड्याळाची छोटी तबकडी उमटली होती. अकरा वाजून चाळीस मिनिटं. तबकडी बारा तासांची. तिला दुपार काय आणि रात्र काय. पण तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, मध्यरात्री उत्तरेला टेकतो आणि तिरपा फिरत राहतो. शाळेत सगळी मुलं हे पाठ करतात. पाठ केलेलं डोळ्यांपर्यंत पोचत नाही, एवढंच.

उत्तरेचं ऊन म्हटल्यावर तो उंचवटा त्यांच्या डोळ्यांदेखत आत गेला आणि चर झाला. जो आजही आहे तो. तिथे काही वितळलं नव्हतं, काही बसलं नव्हतं.

ईप्सिताच्या पडद्यावर हाच फोटो होता, पण त्यात समुद्र कोरा पांढरा केलेला. प्रोग्रॅमला जमीन हवी असते, लाटा आणि बर्फ मध्ये येतात, म्हणून ती पहिल्याच पायरीला समुद्र पुसून टाकत असे. हिमनग तिने पाहिलाच नव्हता.

संध्याकाळी ईप्सिता आली. कुसुमताईंनी तिच्यापुढे दिंड ठेवलं, तूप वाढलं आणि म्हणाल्या, "ईप्सिता, तो मानेचा फोटो आहे ना, त्यात—"

"आई, हात लावलात?"

"नाही."

"मग राहू दे ना. दिवसभर तेच बघून आलेय."

"राहिलं," कुसुमताई म्हणाल्या.

त्या अर्ध्या वाक्यावर त्यांनी एकोणीस दिवस काढले. मी सांगायला गेले होते, तिने ऐकलं नाही. सकाळी कणीक मळताना हे त्या स्वतःला सांगायच्या आणि कणीक छान मऊ व्हायची. रात्री मात्र ते तितकंसं पटायचं नाही. मग गॅलरीतला तो शब्द आठवायचा, गिरवायच्या, आणि पुन्हा पटायचं. ईप्सिताच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्या तिला बदाम भिजवून देत होत्या. बदाम देत होत्या आणि बोलत नव्हत्या.

एकवीस ऑगस्टला, रविवारी, ईप्सिताने घरीच तालीम ठेवली. प्रबंध दिल्यावर परीक्षकांपुढे जे बोलायचं ते एकदा माणसांसमोर बोलून बघायचं. तनया आली, आणि विद्यापीठात ईप्सिताच्याच संस्थेत काम करणारा कपिल आला, सोलापूरचा, हळू बोलणारा. कुसुमताईंनी बटाटेवडे केले आणि इरकली नेसून भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या.

"आई, तुम्ही बसताय? कंटाळा येईल हं," ईप्सिता म्हणाली.

"येऊ दे."

ईप्सिता चांगलं बोलली. तिने द्वीपकल्प असा उलगडला की कुसुमताईंना क्षणभर अभिमान वाटला, आणि त्याचा त्यांना रागही आला. मग मानेचा फोटो आला. समुद्र पांढरा, उंचवटा तांबड्या रेघेने दाखवलेला. शेजारी आजचा चर. "म्हणजे सगळाच उंचवटा नाहीसा झालाय," ती म्हणाली आणि थांबली. तनयाने वडा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

"काही प्रश्न?"

"मला आहे," कुसुमताई म्हणाल्या. "ऊन कुठून होतं?"

तनया हसली. "काकू, आर्क्टिकमध्ये कुठलं ऊन?"

"दक्षिणेकडून, आई," ईप्सिता म्हणाली. "घड्याळ आहे फोटोत. अकरा चाळीस."

"सकाळचे की रात्रीचे?"

ईप्सिता म्हणाली, "बाकीचे सगळे फोटो दुपारचे आहेत."

"बाकीच्यांचं नाही विचारलं मी. ह्याचं विचारलं. समुद्र पुसला नाहीस असा फोटो काढ, आणि खाडीच्या तोंडाशी बघ."

लॅपटॉप कपिलने ओढला. त्याने मूळ फोटो उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. तिळाचा वाटाणा झाला. तो बराच वेळ बघत राहिला. "सावली दक्षिणेला आहे," तो म्हणाला. मग अगदी हळू, "ईप्सिता, हा चर आहे. पहिल्यापासून चरच आहे."

ईप्सिता पडद्याजवळ गेली. रडली नाही. तिने बोटाने सावली मोजली, मग मान वळवून विचारलं, "तुम्हाला कधी दिसलं हे?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. कुसुमताईंच्या जिभेवर ते आलंही होतं.

"पंचमीला."

ईप्सिताने मनात मोजलं. ओठ हलताना दिसले. "एकोणीस दिवस."

"टेबलाला हात लावायचा नाही म्हणालीस."

"तोंडाला कोणी कुलूप लावलं होतं? रोज माझ्यासमोर बसून जेवलात तुम्ही. रोज. मला बदाम दिलेत."

"सांगायला आले होते. राहू दे म्हणालीस."

"आणि तुम्ही राहू दिलंत."

"गिरवणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?"

तनयाने खाली पाहिलं. ईप्सिताच्या तोंडावर रक्त चढलं आणि उतरलं. "अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे ह्यासाठी. एकटीला नाही सांगितलंत. ह्या दोघांसमोर सांगायचं होतं."

"आई, अगं," यशोधन म्हणाला. नेहमीसारखं तेवढंच म्हणाला.

ईप्सिता म्हणाली ते खरं होतं. त्यासाठीच त्या इरकली नेसल्या होत्या. उठून त्यांनी वड्यांच्या बशा उचलल्या. कपिल एक बशी घेऊन त्यांच्यामागे स्वयंपाकघरात आला. बशी ओट्यावर ठेवून म्हणाला, "काकू, पंचमीला सांगितलं असतंत तर महिनाभर होता. महिन्यात ती ते प्रकरण नव्याने लिहू शकली असती. आता दहा दिवस आहेत. दहा दिवसांत नाही होत."

कुसुमताईंनी हे मोजलं नव्हतं. सदतीस वर्षं मोजण्यात घालवलेल्या बाईने एवढं एकच मोजलं नव्हतं.

"नाही होत?" त्यांनी विचारलं.

"नाही," कपिल म्हणाला आणि जोडे घालायला गेला.

नाहीच झालं. ईप्सिताने त्या दहा दिवसांत प्रयत्न केला. शेवटी तिच्या प्राध्यापकांनीच सांगितलं की असा अर्धवट देऊ नकोस. एकतीस तारखेला गणपती बसले, त्याच दिवशी तिने संस्थेतल्या खोलीची किल्ली परत केली. घरी येऊन टेबल रिकामं केलं, दोन्ही पडदे जमिनीवर ठेवले आणि म्हणाली, "घ्या, बसा आता जेवायला इथे." तालमीच्या दिवसापासून कुसुमताई निघेपर्यंत तिने त्यांच्या हातचा घास खाल्ला नाही. मोदकही नाही. तिच्या वाटणीच्या दोन पोळ्या रोज डब्यात राहायच्या आणि कुसुमताई रोज पुन्हा तिच्या वाटणीच्या दोन लाटायच्या. सात सप्टेंबरला त्या निघाल्या. ईप्सिता दारापर्यंत आली, वाकली नाही. "सांभाळून जा," म्हणाली आणि दार लावलं.

पुढे कपिल डॉक्टर झाला आणि फ्रँकफर्टला नोकरीला लागला. कुठलंही चित्र हातात आलं की तो आधी पाण्यावर तरंगणारं काही दिसतंय का बघतो, असं यशोधन सांगतो. तनया मुंबईला परतली. ती ही गोष्ट मंडळींत रंगवून सांगते, आणि तिच्या गोष्टीत हिमनग तिलाच पहिल्यांदा दिसतो. यशोधन त्याच कंपनीत आहे. दर रविवारी तो आईला फोन करतो, "ईप्सिता बरी आहे" म्हणतो, आणि तिकडे वळून "आई बरी आहे" म्हणतो.

ईप्सिताला नवा करार मिळाला नाही. जमिनीची मोजणी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिने अर्धवेळ काम धरलं आणि उरलेल्या वेळात ते प्रकरण पुन्हा लिहिलं. मानेवरचा चर छप्पन्न साली होता तसाच आज आहे, काही बदललेलं नाही, हे नीट सिद्ध करायला तिला दीड वर्ष लागलं. दोन हजार चोवीसच्या वसंतात ती डॉक्टर झाली. भुकेचा आकडा होता तिथे आहे आणि अजून कोणी तिथे राहायला गेलेलं नाही.

छापील प्रबंध पुण्याला यशोधनने पाठवला. पाकिटावर अक्षर त्याचंच होतं. कुसुमताईंनी भिंग घेऊन आधी आभारांचं पान वाचलं. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण नावं कुठल्याही भाषेत वाचता येतात. प्राध्यापकांचं होतं, कपिलचं होतं, तनयाचं, यशोधनचं. त्यांचं नव्हतं. त्यांनी ते पान दोनदा पाहिलं आणि पुढचं उलटलं.

मग चित्रं आली. प्रत्येक फोटोत समुद्र जागेवर होता. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता, एकाच बाजूला पातं असलेला. बेहेरेसाहेबांच्या कचेरीतला. असा बाण त्यांनी ईप्सिताला कधी दाखवला नव्हता. त्यांच्या जुन्या कागदांचा गठ्ठा मात्र यशोधनच्या घरी माळ्यावर होता, त्याच्या लग्नाच्या वेळी सामानातून हॅनोव्हरला गेलेला. कोणीतरी तो सोडून पाहिला असणार.

कुसुमताई एकेक बाण बघत गेल्या. एकशे बाराव्या पानावर थांबल्या. त्या चित्राच्या कोपऱ्यात बाण नव्हता.

त्यांनी घड्याळ पाहिलं. तिकडे सकाळ झालेली होती. फोन लावला. यशोधनने उचलला.

"दे तिला," त्या म्हणाल्या.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग श्वास ऐकू आला.

"पान एकशे बारा," कुसुमताई म्हणाल्या. "बाण नाही."

"माहितेय. छापून झाल्यावर दिसलं."

"बरं."

"तुम्हाला कधी दिसलं?"

"आत्ता."

"बरं," ईप्सिता म्हणाली आणि फोन नवऱ्याकडे दिला.